जपानमध्ये माझ्याच नावाने मला दीड महिना नाचवलं

सेन्दाईला शिकायला येऊन सहा महिने झाले, आता सगळं छान चाललंय, पण ते बँक अकाउंटचं प्रकरण आठवलं की अजून डोकं फिरतं म्हणून लिहितेय.

व्हिसाबिसात काही त्रास झाला नाही. नारिता एअरपोर्टला उतरलं की तिथेच रेसिडेन्स कार्ड हातात देतात, मग राहायची जागा पक्की झाल्यापासून १४ दिवसांत कुयाकुशोत म्हणजे आपल्या वॉर्ड ऑफिसात जाऊन पत्ता नोंदवायचा, हेल्थ इन्शुरन्सही तिथेच. सकाळी गेले, जेवायच्या आत मोकळी. मनात म्हटलं, लोक उगाच घाबरवतात.

मग बँक. कार्डावर नाव इंग्रजीत, पासपोर्टवर आहे तसंच, आधी आडनाव मग माझं मग बाबांचं. बँकेच्या फॉर्मवर मात्र काताकानात हवं, म्हणजे परदेशी नावं लिहायच्या जपानी लिपीत, एका चौकोनात एक अक्षर. माझ्या आडनावात ळ आणि बाबांच्या नावात वि! जपानीत ळ नाही, ल पण नाही, सगळ्याचा र होतो, आणि वि चं कोणी बि करतं तर कोणी उइ. मी पुण्यात जपानीच्या एन४ परीक्षेपर्यंत शिकून आलेली, त्यामुळे शायनिंग मारत स्वतःच लिहायला घेतलं आणि चौकोन संपले, बाबा अर्धेच बसले. खाडाखोड अजिबात चालत नाही. काउंटरवरच्या बाई कमरेत वाकून माफी मागणार आणि कोरा फॉर्म पुढे करणार, असे चार फॉर्म झाले. त्यांनी एकदा तरी वैतागायला हवं होतं, मला बरं वाटलं असतं.

मग सही. इथे सहीच्या जागी नावाचा शिक्का मारतात, तो नसेल तर सही चालेल म्हणाल्या, पण पासपोर्टसारखी हवी, आणि माझी पासपोर्टवरची सही मराठीत! दोघीजणी डोकं लावून माझी शिरोरेघ जुळवत बसल्या, कारण घाईत मी ती आखूड ओढली होती. वर फोन नंबर पाहिजे, माझं सिम नुसतं डेटाचं. तेव्हा येतानाच नंबरवालं सिम घ्या, परदेशी विद्यार्थ्यांसाठीची काही सिम असतात ज्यांचं बिल कोंबिनीत म्हणजे कोपऱ्यावरच्या छोट्या दुकानात रोख भरता येतं. तीन वाजता काउंटर बंद, माझं लेक्चर संपतं अडीचला, सबवेने पोचेपर्यंत शटर खाली. तिसऱ्या चकरेत खातं निघालं, पेढे वाटायचेच बाकी होते.

आणि स्कॉलरशिप आलीच नाही. पंधरा दिवस वाट बघून ऑफिसात विचारलं तर म्हणे पैसे परत आले. कॉलेजच्या फॉर्मवर मी बि लिहिलेलं, बँकेत उइ. इथे काताकाना जुळलं नाही तर ट्रान्सफर होतच नाही. चूक माझीच, मान्य, पण आधी कोणी सांगायला नको? आता पुढच्या महिन्याच्या यादीत. तोवर रात्री सुपरमार्केटात अर्ध्या किमतीचे स्टिकर लागायची वाट बघत उभी राहायचे, भात आणि टोफू. शाकाहारी असाल तर मिसो सूपच्या भरवशावर राहू नका, त्यात बहुतेक दाशी म्हणजे माशाचा अर्क असतो.

तर विमानात बसायच्या आधी आपलं काताकाना नाव एकदाच ठरवा, कागदावर लिहा, फोटो काढून ठेवा आणि सगळीकडे अक्षर न अक्षर तेच.

हो, पार्ट टाइमची परवानगी एअरपोर्टवरच मागता येते, आठवड्याला २८ तास, मी झोपेत विसरले आणि नंतर इमिग्रेशनची वेगळी चक्कर पडली. २० वर्षं पूर्ण असतील तर पेन्शनचा हप्ता भरायचं पत्र येतं, महिन्याला १७-१८ हजार येनच्या आसपास आकडा बघून घाबरू नका, विद्यार्थ्यांना पुढे ढकलता येतं, पण कुयाकुशोत दर वर्षी अर्ज करावा लागतो.

परवा शेवटी शिक्का करून घेतला, आडनावाची तीनच अक्षरं मावली. आईला फोटो पाठवला तर तिचा एकच प्रश्न, अगं यात ळ कुठाय?