बाईंचा लाल दोरा

शाळेच्या स्मरणिकेसाठी काहीतरी लिही म्हणून कमिटीचा मेसेज आला तेव्हा आधी सगळ्यांना आठवतं तेच डोक्यात आलं, गणेशोत्सवातली नाटकं, सुटीत गेटाबाहेरच्या गाडीवरचे पोहे आणि त्यावर भुरभुरलेला जीरावन मसाला. पण ते बाकीचे लिहितीलच. मला बाईंच्या लोकरीच्या दोऱ्याबद्दल लिहायचंय.

1987 साल, आम्ही दहावीत. पुस्तक हिंदीत, त्यात 'तंत्रिका तंत्र', 'मेरुरज्जु', 'प्रतिवर्ती क्रिया' असे शब्द, आणि आमच्यातली अर्धीअधिक मुलं घरी मराठी बोलणारी, म्हणून जीवशास्त्राच्या बाई पुस्तकातली ओळ वाचायच्या आणि मग पुस्तक उलटं ठेवून घरच्या मराठीत सांगायला लागायच्या. नस या शब्दावर मात्र त्या अडून बसायच्या. आपण रक्ताच्या शिरेला पण नस म्हणतो आणि मेंदूकडे निरोप नेणाऱ्या तंतूला पण नसच म्हणतो, तर बाई विचारायच्या, कुठली नस? रक्ताची की निरोपाची? आधी ते सांग, मग पुढे बोल.

त्या दिवशी मेंदूपासून सुरुवात होईल असं आम्हाला वाटलं होतं, तसा तक्ता पण लावलेला होता भिंतीवर. पण बाईंनी विचारलं, ठेच लागल्यावर आधी काय होतं? कुणी म्हणालं दुखतं, कुणी म्हणालं रडू येतं. बाई म्हणाल्या, नीट आठवा, आधी टचकन टोचतं, मग एक क्षण काहीच नाही, आणि मग कळ येते, हो ना? आणि खरंच तसंच होतं, सगळ्यांना माहीत होतं पण कधी कुणी बोललं नव्हतं. टोचण्याचा निरोप नेणाऱ्या तंतूंवर चरबीचं पातळ आवरण असतं, तो सेकंदाला दहा-वीस मीटर पळतो, कळेचा निरोप मात्र उघड्या बारीक तंतूंमधून सेकंदाला जेमतेम 1 मीटर चालत येतो, आणि पायाच्या अंगठ्यापासून कंबर साधारण मीटरभरच लांब. म्हणून मधला तो एक क्षण. मी त्यानंतर आयुष्यात जितक्या वेळा ठेच खाल्ली तितक्या वेळा तो क्षण मोजलाय.

मग बाईंनी मला टेबलावर उभं केलं, वर्गात सगळ्यात उंच मी, म्हणून. चप्पल काढायला लावली. बाई स्टाफरूममधे स्वेटर विणायच्या त्यातलाच लाल लोकरीचा गुंडा आणला होता, त्याचं एक टोक माझ्या अंगठ्याला बांधलं, तिथून पोटरीवरून, मांडीच्या मागून, कमरेपर्यंत नेला, तिथे कण्याच्या बाजूला एक गाठ मारली आणि पुढे पाठीवरून थेट मानेच्या वर, जिथे डोकं सुरू होतं तिथपर्यंत. म्हणाल्या, ही गाठ म्हणजे पेशी, खरी तर मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याहून मोठी नसते. आणि हा अख्खा दोरा तिचा हात. एक पेशी, मधे कुठे जोड नाही, अंगठ्यापासून मानेपर्यंत. तिथे पोचल्यावर ती निरोप दुसऱ्या पेशीच्या हातात देते आणि ती पेशी बाजू बदलते, म्हणून उजव्या पायाचं डाव्या मेंदूला कळतं.

दीड मीटरची एक पेशी! मी अजून तो दोरा पाठीवर जाणवून घेऊ शकतो.

कुणीतरी विचारलं की एवढ्या लांब टोकाला खायला कोण देतं. बाई खूप खूश झाल्या त्या प्रश्नावर. म्हणाल्या, टोकाला लागणारं पुष्कळसं सामान गाठीतच तयार होतं आणि तिथून आतल्या आत वाहून न्यावं लागतं, सगळ्यात वेगवान माल दिवसाला साधारण 40 सेंटिमीटर जातो, म्हणजे अंगठ्याला पोचायला अडीच दिवस. मग म्हणाल्या, म्हणून काही बिघडलं तर सगळ्यात लांब तार आधी जाते, हे लक्षात ठेवा. आणि फिजिक्स लॅबमधून आणलेला ट्यूनिंग फोर्क आपटून एकेकाच्या घोट्याच्या हाडाला लावला. ती थरथर याच दोऱ्याने वर जाते.

नंतर मी कॉमर्सला गेलो, कापडाच्या लाइनमधे आलो, बाईंच्या विषयाशी संबंध संपला.

पाच वर्षांपूर्वी बाबा संध्याकाळी राजवाड्याकडे फिरून घरी आले ते एका पायात चप्पल आणि एक पाय नुसताच. मागून एक मुलगा पळत आला, अंकल, आपकी चप्पल. बाबांना कळलंच नव्हतं. आईला वाटलं वय झालं, विसरले. पण चप्पल पायातून निसटलेली विसरत नाही कुणी, ती कळते किंवा कळत नाही. मला एकदम लाल दोरा आठवला. बाबांना वीस वर्षं शुगर. मी म्हणालो, बाबा, उद्या डॉक्टरकडे जाऊ, तर त्यांचं म्हणणं, मी दोन किलोमीटर चालून आलो, नस बिघडली असती तर चाललो असतो का? पण जाणाऱ्या तारा वेगळ्या आणि येणाऱ्या वेगळ्या, हे पण बाईंनीच सांगितलेलं. पाय हलवणारा निरोप नीट जात होता, पायाकडून येणारा येत नव्हता.

डॉक्टरांनी बाबांना डोळे मिटायला सांगितले आणि 128 चा, म्हणजे सेकंदाला 128 वेळा थरथरणारा फोर्क अंगठ्याला लावला. बाबा शांत बसून होते. थोड्या वेळाने म्हणाले, लावा ना. फोर्क लावलेलाच होता. घोट्याला लावला, तेव्हा म्हणाले, काहीतरी आहे बहुतेक. गुडघ्याला लावला आणि बाबा लगेच म्हणाले, हां, आता! मला तिथे बसवेना.

आधी लांबचं टोक, मग हळूहळू वर. शुगर तंतूला पण त्रास देते आणि त्याला रक्त पुरवणाऱ्या बारीक शिरांना पण, आणि अंगठ्याचा तंतू सगळ्यात लांब. गेलेली जाणीव फारशी परत येत नाही असं डॉक्टर म्हणाले, पण पाय सांभाळता येतो. मे महिन्यात देवळाच्या तापलेल्या फरशीवर आता बाबा मोज्यांशिवाय उतरत नाहीत, बूट घालायच्या आधी उलटा करून झटकतात, कारण आत खडा असला तरी पाय सांगणार नाही. आणि रोज रात्री मी त्यांचे तळवे टॉर्च लावून बघतो, बोटांच्या बेचक्यात पण. दुखत नाही म्हणजे ठीक आहे, असं ज्यांच्या घरी शुगरवाले आहेत त्यांनी कृपया समजू नका, हे मी कळकळीने लिहितोय, कारण दुखणं कळवणारा तंतूच गेलेला असतो.

मागच्या महिन्यात कमिटीच्या मीटिंगला शाळेत आलो तेव्हा लॅब उघडी होती. फोर्कची लाकडी पेटी अजून आहे, 384 चा खाच रिकामा आहे, बाकी सगळे जागेवर. माझी शुगर पण आता बॉर्डरला आहे. मी स्टुलावर बसलो, बूट-मोजा काढला, 256 चा काढून रबराच्या पॅडवर आपटला आणि घोट्याला टेकवला. आला, लगेच आला. मग पुन्हा आपटून अंगठ्याला लावला, डोळे मिटले, आणि थरथर थांबेपर्यंत मोजत बसलो.