उत्तराआधीच्या ओळी

शाळेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी मनोगत लिहून पाठवावे, असे संपादक मंडळाचे पत्र आले, तेव्हा स्नेहसंमेलने, सहली आणि मैदान यांच्याविषयी इतर माजी विद्यार्थी माझ्यापेक्षा चांगले लिहितील याची मला खात्री होती. मी लिहिणार आहे ते सहावी ते आठवी या तीन वर्षांत गणिताच्या तासाला आम्हांला जे नियम होते त्यांविषयी आणि गृहपाठाच्या वहीविषयी. गेली बरीच वर्षे मी स्वतः याच वयाच्या मुलांना गणित शिकवते आहे आणि माझ्या वर्गातले जवळजवळ सगळे नियम मी त्या तीन वर्षांतून घेतलेले आहेत.

सहावीच्या पहिल्या तासाला आमच्या गणिताच्या बाईंनी पुस्तक उघडलेच नाही. फळ्याच्या डाव्या कडेला त्यांनी काही ओळी लिहिल्या आणि त्या वहीच्या पहिल्या पानावर उतरवून घ्यायला सांगितल्या. डाव्या पानावर कच्चे काम आणि उजव्या पानावर पक्के काम करायचे, प्रत्येक पायरी नव्या ओळीवर लिहायची आणि बरोबरची चिन्हे एकाखाली एक आली पाहिजेत, उत्तराला एकक लावायचे आणि शेवटी ताळा करायचा, खोडरबर वापरायचा तो फक्त भूमितीच्या आकृतीसाठी, आणि शेजाऱ्याचे गणित अडले असेल तर त्याला ‘हे तर सोपे आहे’ असे कधीही म्हणायचे नाही. या शेवटच्या नियमाचे महत्त्व मला शिक्षिका झाल्यावर कळले, कारण ज्या मुलाला गणित अडले आहे त्याच्या कानावर ते वाक्य पडले की पुढचे पंधरा दिवस तो हात वर करत नाही.

खोडरबराचा नियम आम्हांला सर्वांत जड गेला. स्वच्छ वहीचे कौतुक ऐकत आम्ही पाचवीपर्यंत आलो होतो, आणि आता बाई सांगत होत्या की चुकलेल्या ओळीवर एकच आडवी रेघ मारा, गिरगटू नका, आणि रेघेखालचे मला वाचता आले पाहिजे. तुम्ही काय चुकलात यापेक्षा तुम्ही काय विचार केलात हे मला पाहायचे आहे, असे त्यांनी कारण दिले होते. आम्हांला ते पटायला सहामाही परीक्षा यावी लागली. तोवर प्रत्येकाच्या वहीत स्वतःच्या चुकांचा असा संग्रह झाला होता की परीक्षेच्या आदल्या दिवशी पुस्तकापेक्षा त्या रेघा चाळणे अधिक उपयोगाचे ठरले.

बरोबरच्या चिन्हाविषयी बाई अतिशय काटेकोर होत्या. तोंडी हिशेबाच्या सवयीने आम्ही ३ + ५ = ८ × २ = १६ असे एका ओळीत लिहून मोकळे होत असू. उत्तर बरोबर असे, तरी बाई त्या ओळीवर बोट ठेवून विचारत, “३ अधिक ५ म्हणजे १६ का?” रॉबर्ट रेकॉर्ड यांनी १५५७ मध्ये हे चिन्ह प्रथम छापले, तेव्हा दोन समांतर रेषांइतक्या सारख्या दुसऱ्या कोणत्याही दोन गोष्टी असू शकत नाहीत असे कारण दिले होते, हे बाईंनीच आम्हांला सांगितले. डावीकडचे आणि उजवीकडचे समान आहे असे विधान करणारे चिन्ह म्हणजे ‘आता उत्तर लिहा’ अशी खूण नव्हे, एवढी एक गोष्ट सहावीत पक्की झाली नाही तर सातवीत समीकरणे आली की मूल गांगरते. आजही माझ्याकडे समीकरणात अडलेले मूल आले की मी आधी त्याची सहावीची वही मागते.

पाठ केलेल्या सूत्रांना त्यांचा विरोध नव्हता, मात्र सूत्र म्हणणाऱ्याने त्याची मर्यादाही सांगितली पाहिजे असा त्यांचा आग्रह असे. ‘कंचेभागुबेव’ (कंस, चे, भागाकार, गुणाकार, बेरीज, वजाबाकी हा क्रियांचा क्रम) आम्हां सर्वांना तोंडपाठ होते. बाईंनी एक दिवस फळ्यावर १२ − ५ + ३ एवढेच लिहिले. निम्म्या वर्गाचे उत्तर ४ आले, कारण ‘बे’ हे ‘व’च्या आधी येते म्हणून आम्ही ५ आणि ३ यांची बेरीज आधी केली होती. उत्तर १० आहे. बेरीज आणि वजाबाकी एकाच दर्जाच्या क्रिया आहेत, त्या डावीकडून उजवीकडे ज्या क्रमाने येतील त्या क्रमाने करायच्या, आणि भागाकार व गुणाकार यांचेही तसेच, ही गोष्ट त्या शब्दात मावत नाही. त्या दिवशी आम्ही पहिल्या पानावर ‘कंचेभागुबेव’च्या खाली ही दुरुस्ती लिहिली.

‘वजा वजा अधिक’ याचेही तेच. ही घोषणा गुणाकारात खरी असते आणि मुले ती बेरजेत चालवतात, म्हणून −३ − ४ याचे उत्तर वर्षानुवर्षे +७ येत राहते. ब्रह्मगुप्तांनी इ. स. ६२८ मध्ये धन, ऋण आणि शून्य यांचे नियम सांगितले तेव्हा बेरजेचे आणि गुणाकाराचे नियम वेगवेगळे दिले होते: दोन ऋण संख्यांची बेरीज ऋण, दोन ऋण संख्यांचा गुणाकार धन. बाईंच्या तासाला ‘वजा वजा अधिक’ असे नुसते म्हणायला बंदी होती. गुणाकारात की बेरजेत, हे त्याच वाक्यात सांगावे लागे. बंदी हा शब्द कठोर वाटेल, पण ती पाळताना आम्ही क्षणभर थांबत असू, आणि बरीचशी उदाहरणे त्या क्षणभर थांबण्यानेच सुटत.

आता गृहपाठाविषयी. बाई रोज आठ उदाहरणे देत. त्यांतली पाच त्या दिवशीच्या धड्यावरची असत आणि तीन मागच्या कोणत्याही धड्यातली, न सांगता मिसळलेली. शेकडेवारीच्या दिवशी मधेच लसावि येई, कोनांच्या दिवशी अपूर्णांकांची वजाबाकी. आम्ही त्या तीन उदाहरणांना कंटाळत असू, कारण त्यांत कोणती रीत वापरायची हे आधी ओळखावे लागे. पुढे २०१५ साली डग रोहरर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत सातवीच्या मुलांवर केलेला एक प्रयोग माझ्या वाचनात आला. सर्वांना उदाहरणे तीच दिली होती, मात्र काहींना ती एकेका प्रकाराची सलग दिली आणि काहींना मिसळून. महिन्याभराने न सांगता घेतलेल्या चाचणीत मिसळून सराव केलेल्यांना सरासरी ७४ टक्के आणि सलग सराव केलेल्यांना ४२ टक्के गुण मिळाले. तो निबंध वाचताना मला आमच्या वहीतली ती तीन नावडती उदाहरणे आठवली. सलग एकाच प्रकारची पंचवीस उदाहरणे सोडवणाऱ्या मुलाचा हात बसतो, पण रीत निवडण्याचा सराव त्याला एकदाही होत नाही, आणि परीक्षेत नेमकी निवडच करावी लागते.

गृहपाठाला वेळेची मर्यादा होती: अर्धा तास. घड्याळ लावून बसायचे, अर्धा तास झाला की जिथे असू तिथे पूर्ण रुंदीची रेघ मारायची आणि रेघेखाली, आपण कुठे अडलो, ते एका पूर्ण वाक्यात लिहायचे. ‘आले नाही’ किंवा ‘समजले नाही’ एवढे चालत नसे. ‘छेद समान केले, पण अंशाला कितीने गुणायचे ते कळत नाही’ असे लिहिले तर तो गृहपाठ पूर्ण धरला जाई. आठही उदाहरणे करणारा आणि चार उदाहरणे करून नीट वाक्य लिहिणारा, या दोघांनाही बाई तीच सही करत. पालकांना हे प्रारंभी रुचले नव्हते, काहींनी अधिक अभ्यास द्यावा अशी मागणीही केली होती, पण बाईंनी मर्यादा बदलली नाही. हॅरिस कूपर यांनी २००६ मध्ये गृहपाठावरील संशोधनाचा जो आढावा घेतला, त्यात गृहपाठाचा आणि यशाचा संबंध सातवीपासून पुढच्या वर्गांत खालच्या वर्गांपेक्षा ठळक दिसतो असे आढळले. आणि सर्व विषय मिळून इयत्तेच्या दसपट मिनिटे, म्हणजे सातवीला सत्तर मिनिटे, असा एक ढोबळ हिशेब त्यांच्या नावाने ओळखला जातो. त्या हिशेबाने एका विषयाला अर्धा तास थोडा जास्तच होतो. माझ्या वर्गात मी वीस मिनिटे ठेवली आहेत, पण रेघ आणि रेघेखालचे वाक्य यांत काहीही बदल केलेला नाही.

बाई वह्या तपासत त्याची पद्धत मी नंतर कोणाकडेही पाहिली नाही. त्या चुकीवर फुली मारत नसत आणि बरोबर उत्तरही लिहीत नसत. उदाहरण वरून खाली वाचत येताना पहिली चुकीची ओळ जिथे भेटे, तिच्यासमोर समासात लाल शाईचा एक लहानसा ठिपका देत आणि पुढच्या उदाहरणाकडे वळत. ठिपक्याच्या वरच्या सर्व ओळी बरोबर आहेत आणि बिघाड या ओळीत आहे, एवढेच त्यातून कळे. तो शोधून, दुरुस्त करून, काय झाले होते ते शेजारी लिहायचे, हे आमचे काम. चाळीस वह्या तपासणाऱ्या शिक्षकाच्या दृष्टीने पाहिले तर ही रीत वेळ वाचवणारीही होती, पण तिचा खरा लाभ आम्हांला झाला.

त्या ठिपक्यापाशीच माझी एक चूक उघडी पडली होती, ती येथे सांगितली पाहिजे. सातवीत एकदा मी गृहपाठ केला नव्हता आणि तास सुरू होण्याआधी शेजारच्या मैत्रिणीच्या वहीतून उतरवून घेतला. उदाहरण होते ४(क्ष − ३) = २०. तिने दुसऱ्या ओळीत ४क्ष − ३ = २० लिहिले होते, मीही तेच लिहिले, आणि दोघींच्या वहीत एकाच ओळीसमोर ठिपका आला. बाईंनी मला फळ्यापाशी बोलावले आणि शांतपणे विचारले, “पहिल्या ओळीतून दुसरी कशी आली, सांग बघू.” मला सांगता येईना. मग त्या म्हणाल्या, “क्षच्या जागी ८ ठेव.” पहिल्या ओळीत ४ गुणिले ५, म्हणजे २० आले. दुसऱ्या ओळीत ३२ वजा ३, म्हणजे २९. “या दोन ओळी एकच गोष्ट सांगत आहेत का?” नव्हत्या. कंसाबाहेरच्या ४ने कंसातल्या ३लाही गुणायला हवे होते, दुसरी ओळ ४क्ष − १२ = २० अशी हवी होती, हे मला तिथे उभ्या उभ्या दिसले. कोणतीही ओळ खरी आहे की नाही हे तिच्यात किंमत ठेवून पाहता येते, ही युक्ती मी त्या दिवशी शिकले आणि ती आजतागायत रोज शिकवते.

उतरवून घेतल्याबद्दल बाई वर्गासमोर एक शब्दही बोलल्या नाहीत. तास संपल्यावर मात्र त्यांनी मला थांबवून घेतले आणि सांगितले की मदत घेण्यात काही वाईट नाही, ती लपवली की मला तुझ्याविषयी खोटी माहिती मिळते आणि मग उद्याचा तास मी चुकीच्या ठिकाणाहून सुरू करते. दुसऱ्या दिवसापासून वहीच्या पहिल्या पानावर आणखी एक नियम आला: ज्या उदाहरणात दुसऱ्याची मदत झाली, तिथे समासात ‘मदत’ लिहून त्या व्यक्तीचे नाव लिहायचे. वडील, मोठा भाऊ, मैत्रीण, मार्गदर्शक पुस्तक, काहीही चालेल. हा नियम आल्यावर वर्गातले उतरवणे पूर्ण थांबले असे मी म्हणणार नाही, पण माझे थांबले.

एक नियम मात्र मला तेव्हाही पटला नव्हता आणि आजही पटत नाही. सलग तीन दिवस वहीच न आणणाऱ्याला त्या तासाला वर्गाबाहेर उभे राहावे लागे. हा बाईंचा नव्हे तर सर्व विषयांना लागू असलेला नियम होता, आणि बाईंनीही तो पाळला. ज्या मुलाचा गृहपाठ तीन दिवस झालेला नाही, त्यालाच त्या तासाची गरज सर्वांत अधिक असते, आणि त्यालाच आपण दाराबाहेर ठेवतो. आमच्या वर्गातला एक मुलगा अशा रीतीने अपूर्णांकांच्या भागाकाराचे सलग दोन तास बाहेर होता आणि आठवीपर्यंत त्याला तो भागाकार आला नाही. माझ्या वर्गात वही न आणणारे मूल फळ्याजवळच्या बाकावर बसते आणि पहिली दहा मिनिटे कालची तीन उदाहरणे तिथेच सोडवते.

आठवीची वही मी जपून ठेवली आहे. हे मनोगत लिहिण्यापूर्वी ती पुन्हा काढली. अवयव पाडण्याच्या धड्यातले एक पान आहे, क्ष² − क्ष − १२ या उदाहरणाचे. डाव्या पानावर १ आणि १२, २ आणि ६, ३ आणि ४ अशा जोड्या मांडलेल्या आहेत, उजव्या पानावर दोनच ओळी आहेत आणि दोन्हींवर आडवी रेघ आहे. त्याखाली अर्ध्या तासाची रुंद रेघ, आणि तिच्याखाली माझ्या अक्षरात: ‘१२च्या सगळ्या जोड्या मिळाल्या, पण कोणती घ्यायची आणि वजाचे चिन्ह कोणाला द्यायचे ते कळत नाही.’ त्या पानावर एकही ठिपका नाही. वाक्याच्या शेवटी बाईंची सही आहे, आणि सहीच्या वर लाल शाईत त्यांनी लिहिले आहे: ‘उद्या येथूनच सुरू करू.’