त्रिनिदादचे सण आणि त्यांच्यावर आलेल्या बंद्या

त्रिनिदाद आणि टोबॅगो या देशाविषयीच्या पर्यटन पुस्तिकांत ‘अनेक संस्कृतींचा सुंदर संगम’ हे शब्द हमखास सापडतात, आणि मला ते दर वेळी खटकतात. संगम म्हटले की नद्या आपापल्या उताराने वाहत येऊन सहज एकत्र मिळाल्या असे चित्र उभे राहते. व्हेनेझुएलाच्या किनाऱ्यापासून जेमतेम 11 किलोमीटरवर असलेल्या त्रिनिदाद बेटावर तसे काही घडलेले नाही. इथली बहुतेक कला ज्यांनी घडवली ते लोक गुलाम म्हणून किंवा गिरमिटिया म्हणजे करारबद्ध मजूर म्हणून आणले गेले होते, आणि त्यांच्या ढोलावर, मिरवणुकीवर, देवळावर, इतकेच काय प्रार्थनेवरही कधी ना कधी सरकारने बंदी घातली होती. त्रिनिदादचे सण समजून घ्यायचे असतील तर त्यांच्यावर आलेल्या बंद्या आधी समजून घ्याव्यात, असे माझे मत आहे.

कार्निव्हलपासूनच सुरुवात करावी लागते. 1783 मध्ये स्पेनच्या राजाने कॅथलिक वसाहतकारांना या बेटावर जमिनी देऊ केल्या, तेव्हा फ्रेंच मळेवाले आपल्या गुलामांसह मोठ्या संख्येने इथे आले आणि ईस्टरपूर्वीच्या उपवासाच्या पर्वाआधी मुखवटे घालून मेजवान्या करण्याची आपली रीतही घेऊन आले. 1797 मध्ये बेट ब्रिटिशांच्या ताब्यात गेले, तरी ही रीत टिकली. मात्र ती हवेल्यांच्या आतली होती आणि गुलामांना तिथे स्थान नव्हते. 1838 मध्ये पूर्ण मुक्ती मिळाल्यावर त्याच माणसांनी हा सण रस्त्यावर आणला. उसाच्या शेताला रात्री आग लागली की गुलामांना मशाली देऊन, चाबकाच्या धाकाने तिकडे पिटाळले जात असे; त्या प्रसंगाची नक्कल करत, मशाली आणि ढोल घेऊन, काठ्या खेळत निघणारी मिरवणूक म्हणजे कॅनबुले. वरच्या वर्गाला हे सारे ओंगळ आणि धोकादायक वाटे. 1881 मध्ये पोलीसप्रमुख कॅप्टन बेकर याने राजधानी पोर्ट ऑफ स्पेनमध्ये ही मिरवणूक बळाने मोडायचा प्रयत्न केला, तेव्हा काठीवाल्यांनी पोलिसांशी उघड लढाई दिली. पुढच्या काही वर्षांत कायदे करून मशाली आणि कातड्याचे ढोल रस्त्यावरून हटवण्यात आले.

ढोल गेले, पण ताल सोडायला कोणी तयार नव्हते. लोकांनी वेगवेगळ्या लांबीचे बांबू तोडले, जाड बांबू जमिनीवर आपटून खर्जाचा आवाज काढला, बारीक बांबू एकमेकांवर वाजवून वरचा ताल धरला, आणि या वाद्यवृंदाला टाम्बू-बांबू हे नाव पडले. 1930च्या दशकाच्या अखेरीस पोर्ट ऑफ स्पेनच्या गरीब वस्त्यांतील तरुणांनी बांबूच्या जोडीला बिस्किटांचे डबे, रंगाचे डबे, मोटारींचे सुटे भाग असे जे हाती लागेल ते वाजवायला घेतले. ठोकून ठोकून डब्याला पोचे पडले की त्या त्या जागी वेगळा स्वर निघतो, हे त्यांच्या लक्षात आले. मग महायुद्ध आले आणि 1942 पासून युद्ध संपेपर्यंत कार्निव्हलच बंद राहिले. पण अंगणांमधले प्रयोग थांबले नाहीत. त्रिनिदाद हा तेलाचा देश असल्यामुळे तेलाच्या पिंपांना तोटा नव्हता. 1945 मध्ये विजयाची बातमी आली तेव्हा जी गर्दी रस्त्यावर उतरली तिच्या हातात पोलादी वाद्ये, म्हणजेच स्टीलपॅन किंवा नुसते पॅन, होती.

हे वाद्य तयार होताना पाहण्यासारखे असते. पिंपाचा तळ वर करून तो जड हातोड्याने आत ठोकत ठोकत वाडग्यासारखा खोलगट केला जातो. पत्रा ताणला जातो पण फाटू द्यायचा नसतो, आणि कारागिराचे अर्धे कसब तिथेच लागते. त्यावर स्वरांच्या जागा आखून त्यांच्या कडा ठोकून वेगळ्या केल्या जातात, बाजूचा पत्रा हव्या त्या उंचीवर कापला जातो, सगळे भांडे आगीवर तापवले जाते आणि त्यानंतर लहान हातोडीने एकेक स्वर जुळवण्याचे काम सुरू होते. वरच्या पट्टीच्या टेनर पॅनचा काठ आखूड असतो. खर्जासाठी पूर्ण उंचीची अनेक पिंपे वादकाभोवती मांडलेली असतात. वाजवायच्या काठ्यांच्या टोकांना रबर गुंडाळलेले असते, म्हणून आवाज टणक न येता गोल येतो. एली मॅनेट, विन्स्टन ‘स्प्री’ सायमन आणि अँथनी विल्यम्स ही नावे या घडणीच्या संदर्भात तिथे आदराने घेतली जातात.

सुरुवातीच्या काळात मात्र पॅन वाजवणारा म्हणजे गुंड, अशीच समजूत होती, आणि ती अगदीच निराधार नव्हती. पथकांनी युद्धावरून आणि सिनेमांवरून इन्व्हेडर्स, डेस्पराडोज, रेनिगेड्स, टोकियो अशी नावे घेतली होती, आणि त्यांच्यात रस्त्यावर खऱ्याखुऱ्या मारामाऱ्या होत. 1951 मध्ये निवडक वादकांचे ‘टास्पो’ नावाचे पथक लंडनच्या फेस्टिव्हल ऑफ ब्रिटनमध्ये वाजवून आले, आणि त्यानंतर घरच्या प्रतिष्ठितांनाही या वाद्याचे मोल दिसू लागले. 1962 मध्ये स्वातंत्र्य मिळाले, 1963 मध्ये पॅनोरमा ही स्टीलपॅन पथकांची स्पर्धा सुरू झाली, आणि 1992 मध्ये स्टीलपॅन राष्ट्रीय वाद्य घोषित झाले. क्वीन्स पार्क सवानाच्या मैदानावर होणारी पॅनोरमाची अंतिम फेरी नेत्रदीपक असते. तरीही मला त्याआधीच्या आठवड्यांतले पॅन यार्ड, म्हणजे पथकाच्या सरावाचे अंगण, अधिक मोलाचे वाटते. शाळकरी मुली, बँकेतले कारकून, निवृत्त गोदी कामगार असे शंभरेक लोक रात्री उशिरापर्यंत त्याच चार ओळी पुन्हा पुन्हा वाजवतात, बहुतेकांच्या समोर स्वरलिपीचा कागद नसतो, आणि शेजारपाजारचे लोक भिंतीला टेकून ऐकत उभे असतात.

आता दुसरी धारा, भारतीय मजुरांची. 30 मे 1845 रोजी ‘फातेल रझाक’ हे जहाज गिरमिटिया मजुरांना घेऊन आले आणि 1917 पर्यंत सुमारे 1,43,000 भारतीय या बेटावर उतरले. त्यांतले बहुतेक भोजपुरी मुलखातले होते. त्यांचा मोहरमचा सण इथे ‘होसे’ झाला आणि त्यात हिंदू मजूरही मोठ्या संख्येने सामील होत. 1884 मध्ये सरकारने या मिरवणुकींना शहरांत शिरण्यास मनाई केली. 30 ऑक्टोबर रोजी सान फर्नांडोच्या वेशीवर मनाई न जुमानता आलेल्या मिरवणुकीवर गोळीबार झाला आणि अनेक माणसे मेली. ढोलांवरचा कायदा आणि हा गोळीबार एकाच वर्षातला आहे, ही गोष्ट मला योगायोगाची वाटत नाही.

होसे आजही पोर्ट ऑफ स्पेनच्या सेंट जेम्स भागात निघतो. बांबू, कागद आणि रंगीत चकाकत्या वर्खाचे ताजिये बनवणारी घराणी त्या दिवसांत मद्यमांस वर्ज्य करतात. शेवटी ते ताजिये समुद्रात विसर्जित होतात. हसन आणि हुसेन यांच्या प्रतीकांचे हिरवा आणि लाल असे दोन भलेमोठे चंद्र माणसे खांद्यावर घेऊन गरागरा नाचवतात आणि एका क्षणी ते एकमेकांना टेकवतात. मिरवणुकीत ताशा वाजतो, आणि मध्येच थांबून रस्त्याकडेला शेकोटीवर त्याचे कातडे तापवून ताणले जाते. हाच ताशा आता लग्नांतही वाजतो आणि क्रिकेटच्या सामन्यांतही, आणि वाजवणारा आफ्रिकी वंशाचा असेल तर कोणी वळूनही पाहत नाही. 1970च्या दशकात लॉर्ड शॉर्टी या गायकाने ढोलक आणि धनताल (लोखंडी सळईचे तालवाद्य) यांचे ठेके कॅलिप्सो या त्रिनिदादी गाण्यात आणून सोका हा संगीतप्रकार रूढ केला, तेव्हा दोन्ही बाजूंच्या सोवळ्या मंडळींनी नाके मुरडली होती.

बंदीच्या आणखी दोन कथा थोडक्यात सांगतो. आफ्रिकी धाटणीने घंटा वाजवत, मोठ्याने गात प्रार्थना करणाऱ्या शाउटर बॅप्टिस्ट पंथावर 1917 मध्ये कायद्याने बंदी आली आणि ती 1951 पर्यंत टिकली. ती उठल्याचा 30 मार्च हा दिवस आज राष्ट्रीय सुट्टीचा आहे. दुसरी कथा शिवदास साधू या ऊसमजुराची. त्याने साखर कंपनीच्या जमिनीवर बांधलेले देऊळ पाडण्यात आले आणि त्याला तुरुंगवास झाला. समुद्रावर तर कोणाची मालकी नाही, असे म्हणून त्याने वॉटर्लू गावी सायकलवरून दगड आणि सिमेंट वाहून नेत पाण्यात भराव घातला आणि त्यावर पुन्हा देऊळ उभे केले.

जेवणाचा इतिहासही असाच अभावाचा आहे, फक्त तो खाताना आठवत नाही. गुलामांना स्वस्तात पोसण्यासाठी उत्तरेकडून आणला जाणारा खारवलेला कॉड मासा आज नाश्त्याचा लाडका पदार्थ आहे. पेलाऊ करताना आधी तेलात साखर काळपट होईपर्यंत जाळतात, त्यात कोंबडीचे तुकडे परततात, आणि मग तांदूळ, तुरीचे दाणे आणि नारळाचे दूध घालून सगळे एकत्र शिजवतात. साखर एक क्षण जास्त जळली तर भांडेभर अन्न कडू होते. रविवारी घरोघरी कॅलालू असतो: अळूची पाने, भेंडी, भोपळा, नारळाचे दूध आणि शक्य असेल तर खेकडा, लाकडी घुसळणीने एकजीव केलेले. कोथिंबीर नावाला असते. तिच्या जागी शॅडो बेनी हे लांब, करवती कडांचे, उग्र वासाचे पान चालते, आणि मला विचाराल तर त्रिनिदादच्या रस्स्याची खरी ओळख मसाल्यात नसून या पानात आहे.

डबल्सविषयी मात्र सविस्तर लिहिले पाहिजे. मैद्यात हळद आणि यीस्ट घालून सैलसर पीठ भिजवायचे, तेलकट हातांनी थापून गरम तेलातून काही सेकंदांत काढायचे. या मऊ चकतीला बारा म्हणतात. दोन बारा अर्धवट एकमेकांवर ठेवून त्यांवर हरभऱ्याचा पातळसर रस्सा, चिंचेची चटणी, काकडी, कुचेला म्हणजे किसून वाळवलेल्या कैरीचे लोणचे आणि मिरचीचा सॉस घातला जातो. विक्रेता फक्त मिरची किती एवढेच विचारतो. ‘स्लाइट’ हे उत्तर देणे नवख्याच्या हिताचे असते, कारण त्या सॉसमधली मिरची चेष्टेचा विषय नाही. पातळ कागदावर दिलेला हा ऐवज उभ्याउभ्या, हातानेच खायचा असतो, आणि सकाळी कामावर निघालेली सगळ्या वंशांची माणसे त्या एका गाडीभोवती कोंडाळे करून तो खात असतात.

टोबॅगो हे धाकटे बेट स्वभावाने निराळे आहे. तिथे ईस्टरच्या मंगळवारी बुकू गावात बोकडांच्या शर्यती लागतात आणि जॉकी दोर धरून बोकडामागे अनवाणी धावतात. करी केलेला खेकडा आणि डंपलिंग ही तिथली खासियत.

आजच्या कार्निव्हलविषयी माझी तक्रारही नोंदवतो. पीटर मिन्शॉलसारख्या कलावंताने वेशभूषेला चालत्याबोलत्या शिल्पाची उंची दिली होती; 1992 च्या बार्सिलोना ऑलिंपिकच्या उद्घाटनातही त्याचे काम होते. कार्निव्हलच्या मंगळवारी निघणाऱ्या मोठ्या पथकांत आता मणी आणि पिसांचे साचेबंद पोशाख भरमसाठ दराने विकले जातात आणि पथकाभोवती दोर धरून रखवालदार चालतात. ज्याला जुना सण पाहायचा असेल त्याने आदल्या दिवशी, सोमवारी पहाटे अंधारात सुरू होणाऱ्या जूव्हेला जावे. तिथे अंगाला चिखल, रंग आणि काळे वंगण फासलेले लोक, शिंगे लावून पैसे मागणारे निळे सैतान आणि उंच काठ्यांवर चालणारे मोको जंबी यांची गर्दी असते, आणि पाहायला आलेल्याचे कपडेही स्वच्छ राहत नाहीत. तेव्हा टाकून देण्याजोगे जुनेच कपडे घालून निघावे.