डोंगर तर मोकळाच होता

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. आमच्या गिर्यारोहण क्लबची माहिती द्यायला कुठेही उभा राहिलो की हा प्रश्न येतोच: "कोरोनाच्या काळात डोंगर तर मोकळाच होता. तिथे ना गर्दी, ना बंद खोली. मग तुम्ही चढाया का थांबवल्यात? आणि थांबवल्यात तर इतके दिवस क्लब म्हणून केलंत काय?" मला या प्रश्नाचा राग येत नाही. मार्च 2020 मध्ये आमच्या बैठकीत नेमका हाच वाद झाला होता आणि मी 'जाऊ या' म्हणणाऱ्यांत होतो.

11 मार्चला जागतिक आरोग्य संघटनेने महासाथ जाहीर केली. त्याच आठवड्यात चीनने आणि पाठोपाठ नेपाळने एव्हरेस्टचा वसंतातला हंगाम बंद केला. माझं म्हणणं होतं की त्या शेकडो माणसांच्या मोहिमा, त्यांची गोष्ट वेगळी. आपण चौघेच जाणार, दोघांच्या मध्ये 60 मीटरचा दोर. यापेक्षा जास्त अंतर कुठल्या घरात मिळणार आहे? बोलणं सगळ्यांना पटल्यासारखं वाटलं. मग आमच्या बचाव पथकाचं काम बघणाऱ्या ताईंनी एवढंच विचारलं, "आणि घोटा मोडला तर?"

मोडलेला घोटा खाली आणायला काय लागतं, ते ज्याने एकदा आणलाय त्यालाच ठाऊक. स्ट्रेचरला एका वेळी सहा ते आठ माणसं लागतात. वाट घसरडी असली की दर काही मिनिटांनी माणसं बदलावी लागतात. म्हणजे वीसेक जण, चार-पाच तास, एकमेकांना खेटून, एकमेकांच्या तोंडावर धापा टाकत. जखमीचं डोकं मांडीवर धरून बसणारा वेगळा. खाली उतरवल्यावर पायथ्याच्या गावातल्या कुणाची तरी गाडी, आणि शेवटी रुग्णालयातली एक खाट, जी त्या दिवसांत कुणासाठी रिकामी नव्हती. साठ मीटरच्या दोराचं माझं गणित बरोबर होतं, पण ते फक्त सगळं नीट पार पडण्याचं गणित होतं. मी हात खाली घेतला.

पुढे ब्रिटनमधून जे कळलं त्याने ताईंचं म्हणणं आणखी पटलं. 21 मार्चच्या शनिवारी वेल्समधल्या स्नोडोनियात, माणसांच्या आठवणीत झाली नव्हती एवढी गर्दी उसळली. सगळ्यांनी एकाच वेळी 'मोकळ्या' डोंगराची वाट धरली होती. काही दिवसांतच तिथल्या मुख्य शिखरांच्या वाटा बंद कराव्या लागल्या. फेब्रुवारी 2021 मध्ये लेक डिस्ट्रिक्टच्या डोंगरात टाळेबंदी मोडून तंबू ठोकलेल्यांपैकी एकाच्या छातीत दुखू लागलं. त्याला आणायला रात्री निघालेला बचाव पथकातला स्वयंसेवक सुमारे 150 मीटर खाली कोसळला आणि त्याच्या मणक्याला कायमची इजा झाली. ती बातमी वाचल्यावर मी ताईंना फोन केला. आम्ही दोघंही फारसं बोललो नाही.

आता दुसरा अर्धा प्रश्न, काय केलंत.

पहिलं काम दोरांचं. क्लबच्या सामानाच्या खोलीत तेव्हा अकरा दोर होते. एरवी चढाई संपली की दोर गुंडाळून खुंटीला लागतो आणि पुढच्या रविवारी पुन्हा बाहेर पडतो. तपासणी होते, पण घाईत. या वेळी एका दोराला एक संध्याकाळ दिली. मी एकटाच जमिनीवर बसायचो. दोराचं एक टोक डाव्या बाजूला, दुसरं उजव्या बाजूला, आणि मधला दोर अंगठा आणि दोन बोटांमधून वीतवीत सरकवायचा. आपला दोर म्हणजे आत नायलॉनच्या धाग्यांचा गाभा आणि वर विणलेलं आवरण. बहुतेक भार पेलतो तो गाभा, आणि तो डोळ्यांना दिसत नाही. तो बोटांनीच कळतो. चौथ्या दोरात टोकापासून दहा-अकरा मीटरवर माझी बोटं थांबली. आवरण शाबूत, रंगही ताजा, पण आत दोर चपटा झाल्यासारखा, मऊ. तिथे घडी घातली तर गोल वळण येईना, दोर सरळ दुमडायचा. त्याच दोरावर जानेवारीत आम्ही नवख्यांचं शिबिर घेतलं होतं. मी बराच वेळ तो तुकडा हातात धरून बसलो होतो. तो दोर तिथेच कापला. आणखी दोन दोर चांगले दिसत असूनही बाद केले, कारण नायलॉन न वापरताही जुना होतो आणि दहा वर्षांनंतर तो ठेवू नये असं बनवणारेच सांगतात. महासाथ नसती तर त्या मऊ जागेपर्यंत माझी बोटं कधी पोचली असती, याचा विचार आजही येतो.

निर्जंतुक करण्याच्या भीतीपोटी अनेकांनी तेव्हा दोरांवर आणि हार्नेसवर, म्हणजे कमरेला बांधायच्या पट्ट्यांवर, ब्लीच मारलं. ब्लीचने नायलॉन कमजोर होतो. आम्ही सरळ नियम केला: हाताळलेलं सामान तीन दिवस बाजूला ठेवायचं, बाकी काही फवारायचं नाही.

मग गाठींचे वर्ग. ते स्क्रीनवर घ्यायचे ठरले आणि पहिल्याच दिवशी गोंधळ उडाला. मी कॅमेऱ्यासमोर बसून 'फिगर ऑफ एट' बांधून दाखवली, समोर बावीस चौकटी. कुणाच्या हातात बुटाची नाडी, कुणाच्या हातात पडद्याची दोरी. मी 'उजवीकडून' म्हणायचो आणि निम्मी मुलं मला आरशात बघावं तशी बघून डावीकडून जायची. तिसऱ्या वर्गात एका मुलीने सुचवलं, "सर, तुम्ही आमच्याकडे पाठ करा ना." कॅमेरा माझ्या खांद्यामागे ठेवला, माझे हात त्यांना स्वतःचे हात असावेत तसे दिसू लागले, आणि गाठी जमल्या. समोरासमोरच्या वर्गातही मी आता मुलांना माझ्या शेजारी उभं करून गाठ शिकवतो. एक गोष्ट मात्र स्क्रीनवर शिकवता आली नाही: जोडीदाराच्या कमरेजवळ हात नेऊन त्याची गाठ ओढून बघणं, बकल तपासणं, मग डोळ्यांत बघून 'ठीक' म्हणणं. ते हातानेच शिकावं लागतं. म्हणून त्या वर्षी शिकलेल्या कुणालाही आम्ही प्रमाणपत्र दिलं नाही. काही जण नाराज झाले. तो निर्णय मला अजूनही बरोबर वाटतो.

सगळ्यात महत्त्वाचं काम फोनचं होतं. दोरावर आम्ही तिघांची तुकडी बांधतो, तशाच तुकड्या घरबसल्या केल्या. रोज रात्री आठला तिघांनी बोलायचं, एकाने उचलला नाही तर दुसऱ्या दोघांनी शोध घ्यायचा. एकटे राहणारे आणि वयस्क सदस्य वेगवेगळ्या तुकड्यांत वाटले. आणि क्लबचे सहा पल्स ऑक्सिमीटर त्यांच्या घरी पोचवले. उंचीवरच्या मोहिमांसाठी ते आमच्याकडे आधीपासून होते. या यंत्रामागचं तत्त्व 1970च्या दशकात जपानी अभियंते ताकुओ आओयागी यांनी शोधलं. ते गेले एप्रिल 2020 मध्ये, जेव्हा सगळं जग त्यांच्या शोधाकडे बोट पुढे करून बसलं होतं.

आमच्या तुकडीत एक काका होते, हिमालयात आयुष्य काढलेले. त्यांना ताप आला, तपासणी झाली, कोरोना निघाला. सहाव्या दिवशी रात्री त्यांनी ऑक्सिजनचा आकडा सांगितला: 86. आवाज खणखणीत. मी म्हणालो, काका, रुग्णालयात चला. ते हसले. "अरे, बेस कॅम्पवर ऐंशीवर आम्ही पत्ते कुटलेत. मला धाप नाही, काही नाही."

इथे त्यांचा अनुभवच त्यांच्या आड येत होता. एव्हरेस्टच्या बेस कॅम्पवर, सुमारे 5,300 मीटरवर, हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जवळपास निम्मा असतो. तिथे धडधाकट माणसाचाही आकडा खाली असतो, कारण बाहेरच्या हवेतच ऑक्सिजन विरळ असतो आणि शरीर काही आठवडे घेऊन त्याला सरावतं. काका बसले होते घरात, भरपूर हवेत. तिथे 86 याचा अर्थ एकच: हवा आहे, पण फुप्फुसं ती रक्तापर्यंत पोचवत नाहीत. धाप नव्हती, कारण जीव गुदमरल्याची जाणीव मुख्यतः रक्तात कार्बन डायऑक्साइड साचल्यावर होते, आणि या आजारात बऱ्याच जणांचा तो बाहेर पडत राहायचा. ऑक्सिजन गुपचूप उतरत जायचा. हे मी त्यांना वीस मिनिटं सांगत होतो. त्यांना पटेना. शेवटी तुकडीतल्या तिसऱ्या सदस्याने विचारलं, "काका, वर कॅम्पात एखाद्याचा आकडा बाकीच्यांपेक्षा दहाने खाली आला, आणि तो म्हणाला मला बरं वाटतंय, तर तुम्ही काय करता?" थोडा वेळ काही आवाज आला नाही. मग ते म्हणाले, "खाली उतरवतो." त्या रात्री ते दाखल झाले आणि बाराव्या दिवशी घरी आले.

2021च्या वसंतात नेपाळने एव्हरेस्ट उघडलं. परदेशी गिर्यारोहकांना 408 परवाने दिले गेले, तोवरचे सर्वाधिक, आणि एप्रिलमध्ये बेस कॅम्पवरून आजारी माणसं हेलिकॉप्टरने खाली येऊ लागली. तिथल्या कोरड्या, थंड हवेत सगळेच खोकतात, 'खुंबू खोकला' म्हणून त्याकडे कुणी लक्ष देत नाही. त्यात कोरोनाचा खोकला ओळखायचा कसा? मला काकांचे 86 आठवले. चीनने मे महिन्यात आपल्या बाजूची चढाई पुन्हा रद्द केली. आमचीही एक मोहीम त्या वर्षासाठी ठरलेली होती. या वेळी बैठकीत वाद झालाच नाही, ती पुढे ढकलली.

सगळं असं जड होतं असं मात्र समजू नका. 16 जानेवारी 2021ची संध्याकाळ आमच्यापैकी कुणीही विसरणार नाही. के2 या जगातल्या दुसऱ्या सर्वांत उंच शिखरावर हिवाळ्यात पहिल्यांदा माणूस पोचला. आठ हजार मीटरच्या चौदा शिखरांपैकी हिवाळ्यात न चढलेलं तेवढं एकच उरलं होतं. पोचले ते दहाही जण नेपाळचे. माथ्याच्या दहाएक मीटर अलीकडे थांबून, सगळे जमल्यावर, राष्ट्रगीत म्हणत ते एकत्र वर गेले. आदल्या वर्षाचा हंगाम बुडाल्याने या लोकांची कमाई गेली होती. इतरांच्या मोहिमांत ओझी वाहणारे, दोर लावणारे हे लोक या वेळी स्वतःच्या नावावर चढले होते. आठच्या फोनला त्या दिवशी सगळ्या तुकड्या एकत्र आल्या आणि अकरापर्यंत कुणी हलेना. काका सगळ्यांत मोठ्याने बोलत होते.

पुन्हा सुरुवात केली तेव्हा मुद्दाम सगळ्यात सोपा कातळ निवडला. हातांतली ताकद गेली होतीच, त्याहून जास्त गेला होता अंदाज. पहिल्या दिवशी कुणालाही लीड करू दिलं नाही, म्हणजे दोर खालून वर नेत पुढे चढू दिलं नाही; सगळ्यांना वरून दोर. मास्कमुळे 'सैल सोड' आणि 'ताण धर' हे सारखंच ऐकू यायचं, म्हणून दोराच्या झटक्यांच्या खुणा ठरवल्या. आणि एक सवय मोडावी लागली. लीड करणारा दोर कॅरॅबिनरमध्ये, म्हणजे धातूच्या कडीत, अडकवताना वर ओढलेला दोर क्षणभर दातांत धरतो. आम्ही सगळे वर्षानुवर्षं धरत आलो. तोच दोर आधी लीड केलेल्याच्या हातातून, त्याच्या दातांतून आलेला असतो. त्यावर इतकी वर्षं कुणी बोललंही नव्हतं.

एका गोष्टीचं उत्तर माझ्याकडे नाही, आणि तेही सांगायला हवं. 2020च्या मोहिमेसाठी एका मुलीने दोन वर्षं तयारी केली होती. पहाटे पाठीवर वीस किलो घेऊन जिने चढायची. मोहीम रद्द झाल्याचा फोन मीच केला. ती 'ठीक आहे सर' म्हणाली, वर्षभर गाठींच्या वर्गात शिकवायलाही आली. 'पाठ करा ना' म्हणाली ती हीच. मोहीम पुन्हा ठरली तोवर तिला नोकरी लागली होती, रजा मिळाली नाही, पुढच्या वर्षीही नाही. आमचा निर्णय चुकला नव्हता, पण त्याची किंमत तिने मोजली. दरवर्षी मोहिमेची यादी करायला बसलो की पहिला फोन मी तिलाच करतो. यंदाही केला. रजेचा अर्ज टाकलाय म्हणाली, अजून उत्तर आलेलं नाही.