जुगार म्हणू नका, ‘पैसे लावता का’ विचारा

सेलूत माझा छोटा दवाखाना आहे. मागच्या दिवाळीनंतर 27 वर्षांचा एक मुलगा तीनदा आला. छातीत जळजळ, रात्र रात्र झोप नाही, बीपी 150/100. तंबाखू विचारली, दारू विचारली. दोन्ही नाही म्हणाला, आणि खरंच नव्हती. मी गोळ्या देत राहिले. चौथ्या वेळी बाप एकटाच आला. "मॅडम, सोयाबीनच्या पट्टीचे सगळे पैसे मोबाईलमधी गेले."

मी तो प्रश्नच विचारला नव्हता. आशाताई घरोघरी आजारांचा धोका तपासायला भरतात त्या सीबॅक फॉर्मवर तंबाखू, दारू आहे. पैसे लावणं नाही. शिवाय तो फॉर्म तिशीनंतरच्यांचा, आणि ही पोरं विशीतली. डीएसएम-5 ने, म्हणजे मानसिक आजारांच्या निदानाच्या अमेरिकन पुस्तकाने, 2013 सालीच जुगाराचं व्यसन दारूच्या पंगतीत बसवलं, तरी आम्ही डॉक्टर त्याला अजून वाईट वळणच समजतो.

आता मी विचारते. ‘जुगार खेळता का’ म्हटलं की उत्तर ठरलेलं: "जुगार नाही ओ मॅडम, नुस्ती टीम लावतो." त्यांच्या लेखी जुगार म्हणजे पारावरची तिर्रट. म्हणून रमी, क्रिकेटच्या सट्ट्याची आयडी, मटका अशी नावं घेऊनच विचारते. ऑगस्ट 2025 मध्ये केंद्राने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला, तेव्हापासून पोरं बोलायला आणखी बिचकतात. हे पोलिसांना कळणार नाही, असं आधीच सांगून टाकते.

पुढचे प्रश्न दोनच, जगभर वापरले जाणारे. लावायची रक्कम वाढवत न्यावी असं कधी वाटलं का? किती लावले याबद्दल घरच्यांशी खोटं बोलावं लागलं का? एकालाही ‘हो’ आलं तर नीट बसून बोलायचं. पण दुसरा प्रश्न बायको किंवा बाप शेजारी असताना विचारून काय उपयोग? आपल्याकडे पेशंटबरोबर दोघं तरी आत येतातच. मी त्यांना औषधं आणायला मेडिकलवर पाठवते.

त्या मुलाला परत बोलावलं. उपदेश केला असता तर तो पुन्हा आलाच नसता. "का खेळावं वाटतं?" एवढंच विचारलं.

"गेलेले काढायचेत."

"काढायच्या नादात अजून किती गेले?"

तो बराच वेळ बोटांवर मोजत राहिला. मग स्वतःच म्हणाला, फोनमधलं यूपीआय काढतो, एटीएम कार्ड बहिणीकडे देतो. सगळं मिळून दहा-बारा मिनिटं लागली. जीव द्यावासा वाटतो का, हेही मी सरळ विचारते, कारण शेतकऱ्याच्या घरात फवारणीचं औषध हाताशी असतं. ‘हो’ आलं तर त्याच दिवशी कुणाला तरी सोबत देऊन परभणीला मानसोपचार तज्ज्ञांकडे पाठवायचं. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर तर प्रत्येकाच्या केसपेपरवर लिहून देते. फोन फुकट, रात्रीही लागतो, मराठीत बोलता येतं.

तो महिन्याला येतो. दुसऱ्या महिन्यात पुन्हा 2,000 लावले होते. ते त्याने बाप शेजारी बसलेला असताना, मी विचारायच्या आधीच सांगितलं.