जरासं म्हणजे किती पिक्सेल

आमची डिझायनर बाजूला येऊन उभी राहते, फोनवरच्या आमच्या ॲपकडे बघते आणि म्हणते, "अरे, हे जरासं अजून मऊ कर ना." आता मऊ म्हणजे कोपऱ्याची गोलाई वाढवू, सावली पसरवू का खालून वर येणारं ते कार्ड, म्हणजे माहितीचा तो चौकोन, अंमळ हळू आणू? विचारलं तर म्हणते ते मला नाही माहीत, पण आत्ता टोचतंय. इथेच घोडं अडतं. "जरासं"ला एकक नाही आणि कोडमध्ये तर आकडाच लिहावा लागतो.

मग मी गोलाईचे 12 चे 14 करायचो, बिल्ड लावायचो म्हणजे नव्या आकड्यासह ॲप पुन्हा तयार करायचो, दीड मिनिट दोघं स्क्रीनकडे बघत बसायचो, ॲप उघडून चार स्क्रीन ओलांडून त्या कार्डापर्यंत पोचायचो आणि तोवर 12 कसं दिसत होतं तेच दोघंही विसरलेलो असायचो. डोळ्याची आठवण फार छोटी असते हो, दोन गोष्टी लागोपाठ दिसल्या तरच फरक कळतो, मधे दीड मिनिट गेलं की उरतो नुसता अंदाज.

शेवटी एका संध्याकाळी वैतागून डिबग पॅनल बनवलं. म्हणजे ॲपवरच तरंगणारी एक अर्धपारदर्शक पट्टी, तिच्यात सात-आठ स्लायडर, सरकवला की खालचं कार्ड तिथल्या तिथे बदलतं. फक्त डिबग बिल्डमध्ये, म्हणजे आमच्या चाचणीच्या ॲपमध्ये दिसतं, लोकांपर्यंत जात नाही. यात माझी काही हुशारी नाही, वेबवाल्यांकडे डॅट-जीयूआय, लिल-जीयूआय, ट्वीकपेन असल्या तयार गोष्टी केव्हापासून आहेत आणि फेसबुकने 2014 साली ट्वीक्स नावाची आयफोनसाठीची लायब्ररी, म्हणजे तयार कोडचा संच, खुली केली होती, त्यात फोन हलवला की पॅनल उघडायचं. मला ती हलवायची कल्पना भारी आवडते, वैताग आला की फोन गदागदा हलवायचा आणि समोर स्लायडर हजर.

पण स्लायडर बनवणं दिसतं तितकं सोपं नाही. सावलीच्या पसरटपणाला मी आधी 0 ते 100 अशी हद्द दिली आणि सगळी मजा होती 4 ते 12 मध्ये, म्हणजे नखाएवढ्या जागेत, जी बोटाखालीच झाकली जायची. हद्द कमी केली तेव्हा कुठे हाताला फरक जाणवायला लागला. स्प्रिंगचं तर अजून वेगळं. कार्ड वर येताना स्प्रिंगला बांधल्यासारखं हलावं म्हणून कोडमध्ये स्प्रिंगचंच गणित असतं. तिच्या झोक्याचा वेग कडकपणाच्या वर्गमुळाने वाढतो, कडकपणा चौपट केला तेव्हा वेग दुप्पट, त्यामुळे 50 चे 200 केले की कार्ड एकदम चपळ होतं आणि 800 चे 950 केले तर कुणाच्या लक्षातही येत नाही. सरळसोट स्लायडरचा अर्धा भाग मग नुसताच शोभेचा.

जाता जाता एक गंमत, रिॲक्ट-स्प्रिंग या वेबवरच्या हालचालींच्या लायब्ररीत मुळात जे आकडे येतात ते कडकपणा 170 आणि घर्षण 26, मला वाटायचं कुणीतरी डोळे मिटून निवडलेत, पण 170 चं वर्गमूळ काढून दुप्पट करा, 26 च्या जरा वर येतं, म्हणजे उसळी बंद होते त्या अगदी काठावर ते ठेवलंय. आता हे मला आवडलं म्हणून डिझायनरला कडकपणा आणि घर्षण असे दोन स्लायडर देणं म्हणजे शिक्षाच. म्हणून तिच्यासाठी "किती वेळात" आणि "किती उसळी" एवढंच ठेवलं, आतलं गणित आत. ॲपलनेसुद्धा 2023 पासून स्विफ्टयूआयमध्ये, म्हणजे त्यांच्या स्क्रीन बनवायच्या साधनात, स्प्रिंगला कालावधी आणि उसळी अशीच नावं दिलीत.

आणि मुद्दाम आकडे लपवले. आकडा दिसला की माणूस 12, 16, 20 असे ओळखीचे गाठतो, कारण ते नीट वाटतात.

फोन तिच्या हातात दिला तर तिने आधी काय करावं, सगळे स्लायडर पार टोकाला नेले. कार्डाची साबणाची वडी झाली, उसळी इतकी की कार्ड वर येऊन डुलतच राहिलं. हसून झालं आणि मग ती गप्प झाली, जुन्या रेडिओवर स्टेशन लावताना जरा पुढे जाऊन मागे येतो तसं पुढेमागे करत करत एका जागी थांबली. "हे." बघितलं तर गोलाई 13, वेळ 0.38 सेकंद. हे आकडे मी जन्मात लिहिले नसते.

"सगळं कॉपी कर" असं बटणही नंतर टाकलं, कारण पहिल्यांदा मी स्क्रीनशॉट बघून हाताने आकडे उतरवले आणि सावलीच्या गडदपणाचे 0.12 चे 0.21 झाले, दोन दिवस सगळी कार्डं कोळसा फासल्यासारखी दिसत होती.

आकडे पक्के झाले, कोडमध्ये गेले, मी पॅनल काढून टाकायला ब्रँचही, म्हणजे कोडची वेगळी प्रत, उघडली. दुसऱ्या दिवशी सकाळी ती फोन घेऊन खिडकीपाशी उन्हात उभी. "अरे, सावली कुठेय? जराशी गडद कर ना."

ब्रँच बंद केली.