चार बोटं कमी पडलेला पट्टा

दिवाळीच्या सुट्टीतला शनिवार होता. रोलर कोस्टरच्या स्टेशनवर त्या दिवशी शिफ्ट माझ्याकडे होती. या कामात मला आता नववं वर्ष आहे. शाळेत असताना सहलीबरोबर होडीतून खाडी ओलांडून गोराईच्या एस्सेलवर्ल्डला गेलो होतो, तेव्हापासून हे वेड डोक्यात आहे.

आमचा दिवस साडेसातला सुरू होतो. मेंटेनन्सची माणसं रुळांच्या कडेच्या पायऱ्या चढत एकेक बोल्ट बघत वर जातात. मग रिकामी गाडी सोडायची आणि त्यानंतर सीटवर वाळूच्या पिशव्या बांधून. सकाळच्या गारव्यात पहिल्या फेऱ्या संथ असतात. चाकं आणि बेअरिंगमधलं ग्रीस तापलं की दुपारी तीच गाडी केवढ्या तरी वेगाने स्टेशनात शिरते. त्यामुळे दुपारी माझे कान ब्रेकच्या आवाजाकडे लागलेले असतात.

ते कुटुंब बार्शीकडचं होतं. रात्रभर जीपमधून प्रवास करून आलेलं. नवरा-बायको, बारा वर्षांची मुलगी, तिचा धाकटा भाऊ आणि नऊवारीतली आजी. रांगेच्या तोंडाशी उंचीची पट्टी आहे, एकशे चाळीस सेंटिमीटरची. मुलगी तिच्याखाली उभी राहिली आणि डोकं पट्टीला टेकलं. गेल्या वर्षी ती तीन सेंटिमीटरने कमी पडली होती, असं तिच्या आईने पट्टीपाशी कामाला असलेल्या आमच्या मुलाला सांगितलं. वर्षभर दर महिन्याला घरातल्या दाराच्या चौकटीवर पेन्सिलीने रेघ मारत होती म्हणे. पट्टीखालून बाहेर येताना ती वडिलांकडे बघून हसली. पहिली फेरी त्यांच्या शेजारी बसूनच करायची, हे तिचं ठरलेलं होतं.

वडील तालमीतले. हे सांगावं लागलं नाही, मोडलेले कान सांगत होते. छाती दरवाजाएवढी. कुस्ती सुटून वर्षं झाली असतील, पण अंग तसंच होतं.

सत्तर मिनिटं रांगेत उभं राहून ते वर आले. आई आणि धाकटा बाहेरच्या बाकावर थांबले होते, आजी मात्र नात कशी बसते ते बघायला रांगेतून वरपर्यंत आली होती. बाप-लेक तिसऱ्या ओळीत बसले. खांद्यावरून येणारा हार्नेस खाली ओढला. मुलीचा टक् करून बसला. वडिलांचा छातीवर येऊन अडला. हार्नेसला खालून जोडायचा एक पट्टा असतो, त्याची लांबी ठरलेली असते, ती वाढवता येत नाही. तो चार बोटं कमी पडला. पॅनलवर त्या सीटचा दिवा लालच राहिला.

त्यांनी श्वास सोडून पाहिलं. मी दुसऱ्या सीटवर बसवून पाहिलं. तेच. मागच्या रांगेतून आवाज सुरू झाले. ‘अहो, दाबा की जरा.’ ‘एवढा मोठा माणूस, पडतोय कुठं!’ ते माझ्याकडे बघून हळूच म्हणाले, ‘साहेब, मी दम धरतो, तुम्ही दोघं मिळून रेटा. बसंल.’

कदाचित बसलाही असता. इथे खरं काम येतं. दम धरून लावलेल्या हार्नेसमध्ये माणसाला पुढची दोन मिनिटं श्वास कसा घ्यायचा? आणि लोकांना वाटतं, जाडजूड माणूस सीटमध्ये घट्ट अडकलाय म्हणजे तो जास्त सुरक्षित. तसं नसतं. चढावाच्या माथ्यावरून गाडी खाली झेपावते तेव्हा शरीर सीटवरून वर उचललं जातं. त्या क्षणी माणसाला धरून ठेवायला सीटचा उपयोग नसतो, हार्नेसचा असतो, आणि तो अंगावर जिथे यायला हवा तिथेच आला पाहिजे. 2022 च्या मार्चमध्ये अमेरिकेत ऑरलँडोला एका उंच ड्रॉप टॉवरवरून, म्हणजे माणसांना वर नेऊन सरळ खाली सोडणाऱ्या राइडवरून, चौदा वर्षांचा मुलगा पडून मरण पावला. अंगाने मोठा होता. चौकशीत निघालं की त्या सीटचा सेन्सर हाताने बदलून ठेवला होता, म्हणून हार्नेस जास्त उघडा राहूनही यंत्राने ‘ठीक आहे’ म्हणून सांगितलं. दिवा हिरवा होता. ते वाचल्यापासून मी प्रत्येक हार्नेस हाताने ओढून बघतो, दिवा काहीही सांगो.

मी त्यांच्यासमोर उकिडवा बसलो, म्हणजे मागच्यांना ऐकू जाणार नाही. म्हणालो, ‘दादा, ही सीट तुमच्या मापाची नाही. मी तुम्हाला सोडू शकत नाही.’

ते क्षणभर काहीच बोलले नाहीत. मग उठले. दोनशे माणसांसमोर उठले. लेकीकडे बघायचं त्यांनी टाळलं, आणि ते मला सगळ्यात जास्त लागलं. त्यांना इथे वर आल्यावर का कळावं? सत्तर मिनिटं उन्हात उभं राहून, लेकीचा हात धरून, शेवटच्या पायरीवर? पट्टीखाली मुलांची उंची आम्ही खालीच मोजतो. मोठ्यांचं माप मात्र सगळ्यांसमोर, गाडीत बसवून घेतो. त्याच आठवड्यात मी वर लिहून दिलं. आता रांगेच्या सुरुवातीला, आडोशाला, तशीच एक सीट ठेवली आहे. कोणी अंगाने मोठं दिसलं की आमची मुलं सगळ्याच कुटुंबाला तिथे बोलावतात, एकट्याला नाही.

मुलगी म्हणाली, ‘मग मला पण नको.’ डोळे भरले होते. गाडी थांबवून तीन मिनिटं झाली होती.

तेव्हा कठड्यापाशी उभ्या आजी पुढे आल्या. ‘मी बसते तिच्यासंगं.’

मी नियमाचे प्रश्न विचारले. रक्तदाब? हृदयाचा त्रास? पाठ, मान, कसलं ऑपरेशन? ‘काय नाय. गेल्या महिन्यातच गावात तपासणी झाली.’ मी दोनदा विचारलं, तिसऱ्यांदा त्यांच्या मुलाला विचारलं. त्यांनीही मान हलवली. साडीचा प्रश्न आमच्याकडे रोजचा असतो. सुटा पदर आणि ओढणी यांची मला सगळ्यात जास्त भीती वाटते. पण नऊवारीचा काष्टा पायात सुटं काही ठेवत नाही. पदर कमरेला घट्ट खोचला, बोरमाळ पोलक्याच्या आत गेली, चष्मा, चप्पल आणि पानाची चंची मुलाच्या हातात. हार्नेस बसला. पट्टा लागला. दिवा हिरवा. मी ओढून पाहिलं, पुन्हा ओढून पाहिलं, आणि अंगठा वर केला.

गाडी निघाली. वडील बाहेर जायच्या वाटेवर, पिवळ्या रेषेच्या मागे माझ्या शेजारी उभे होते. एका हातात आईच्या चपला. गाडी चढावाला लागली आणि टक्-टक्-टक् सुरू झालं. त्यांनी माझा दंड धरला. ‘काय तुटलं का?’

‘नाही दादा. हाच आवाज यायला हवा. साखळी गाडीला वर ओढते. गाडीखाली लोखंडी खिट्ट्या आहेत, त्या दातांवरून एकेक पाऊल पुढे पडतायत. साखळी तुटली तरी गाडी मागे येणार नाही, त्या खिट्ट्या तिला तिथेच धरतील.’

‘आन् माथ्यावर उडाली तर?’

मग मी त्यांना चाकं सांगितली. रुळाच्या वर चाकं, बाजूला चाकं आणि रुळाच्या खालूनही चाकं. ही खालची चाकं अमेरिकेतल्या जॉन मिलरची कल्पना, 1919 चं पेटंट. तिन्ही बाजूंनी रूळ धरलेला असल्यामुळे गाडी वर उचलली जाऊच शकत नाही. शेवटी वेग मोडायला चुंबकाचे ब्रेक, वीज गेली तरी चालणारे. ते लक्ष देऊन ऐकत होते. म्हणाले, ‘म्हंजी पकड तीन बाजूंनी. मंग सुटत नाय.’

माथ्यावर आवाज थांबला. एक क्षण सगळं शांत. मग किंकाळ्या. त्या सगळ्यांत एक आवाज खणखणीत ‘इट्ठला!’ म्हणून आला आणि पहिल्या वळणापलीकडे गेला. त्यांचा हात माझ्या दंडावर तसाच होता.

गाडी ब्रेकवर येऊन फुस्स करून थांबली. आजींचा अंबाडा सुटला होता, केस तोंडावर. हार्नेस उघडला तरी त्या उठेनात. मी धावत गेलो, नाडी बघायला हात धरला. त्यांनी हात सोडवून घेतला आणि नातीकडे वळल्या.

‘डोळे उघडे ठेवलेस का?’

‘नाय आज्जी. घट्ट मिटले.’

‘मग काय बघितलंस तू!’

त्यांनी मुलाकडून चंची घेतली, चपला घेतल्या, केस बांधले. मला विचारलं, रांग कुठून सुरू होते. मग नातीचा हात धरून त्या पुन्हा पायऱ्या उतरू लागल्या. त्यांच्या मागून, चष्मा पुढे धरून, ते निघाले. ‘आई, अगं चष्मा.’